उद्योगांची स्मरणशक्ती

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण मराठी घरात लहानपणापासून कानावर पडते. वाटेने दोघे चालले असता पुढचा अडखळला, तर मागचा पाऊल जपून टाकतो, एवढा तिचा साधा अर्थ. परंतु ही म्हण खरी ठरावयाची तर तीन गोष्टी जमून याव्या लागतात. मागचा माणूस पुढच्याच्या फार मागे नको, त्याच्या नजरेच्या टप्प्यात पाहिजे. दोघांची वाट एकच पाहिजे. आणि पुढच्याने आपल्याला ठेच लागली हे लपवून ठेवता कामा नये. ह्या तिन्हींपैकी एक जरी चुकली तरी मागचाही त्याच दगडावर अडखळतो, किंवा दगड नसलेल्या ठिकाणी उगाच उडी मारून पडतो.

व्यक्तीच्या बाबतीत ह्या अटी पुष्कळदा आपोआप पुऱ्या होतात. संस्थेच्या बाबतीत तसे होत नाही. संस्थेत ठेच लागते एकाला, शहाणपण हवे असते दुसऱ्याला, आणि दोघांच्या मध्ये कधी दहा तर कधी चाळीस वर्षांचे अंतर पडलेले असते. उद्योगधंद्यातील ज्या व्यवहारात हे विशेष प्रकर्षाने दिसून येते, तो व्यवहार म्हणजे एका कंपनीने दुसरी कंपनी विकत घेणे. अशा खरेदीच्या अनुभवातून कंपन्या काही शिकतात काय, आणि शिकत असल्या तर केव्हा व कशा, हा प्रश्न वरकरणी रुक्ष वाटेल. परंतु त्याच्या उत्तरावर हजारो कामगारांची रोजी आणि ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अवलंबून असते. मराठी उद्योगाच्या इतिहासातील एक धागा हाती घेतला तर ह्या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो. त्या धाग्याचे एक टोक कृष्णाकाठच्या प्रदेशात आहे, आणि दुसरे बंगळूरच्या राजाजीनगरात.

राजाजीनगर ही बंगळूरच्या पश्चिमेकडील वसाहत. चक्रवर्ती राजगोपालाचारी हे भारताचे गव्हर्नर जनरल असताना, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तिचा पाया घातला गेला, आणि त्यांचेच नाव तिला मिळाले. नुसती राहण्याची वस्ती नव्हे, तर कारखाने आणि कामगारांची घरे जवळजवळ असावीत अशा हेतूने हे उपनगर वसले. पुढे अनेक वर्षे टपालाच्या पत्त्यातही 'इंडस्ट्रियल सबर्ब, राजाजीनगर' असे शब्द असत. त्या पत्त्यावरील एक प्रमुख नाव होते किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीचे. विजेच्या मोटारी, जनित्रे आणि रोहित्रे बनवणारी ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली. तिची धुरा रवींद्र लक्ष्मण किर्लोस्कर ह्यांनी वाहिली, आणि त्यांच्यामागून त्यांचे चिरंजीव विजय किर्लोस्कर ह्यांनी.

मराठी घराण्यातील उद्योजकाने मुंबई-पुणे सोडून इतक्या दक्षिणेस कारखाना काढावा, ह्याचे नवल वाटावयाचे कारण नाही. किर्लोस्कर घराणे मूळ बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म तेथे १८६९ साली झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक विद्यालयात त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. बेळगावात सायकलींचे दुकान चालवले. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले चाळीस नांगर खपावयास दोन वर्षे लागली. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन देऊ केली. तेथे १९१० साली निवडुंग तोडून किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४१ साली तुंगभद्रेच्या काठी हरिहर येथे यंत्रे बनवण्याची यंत्रे तयार करणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी निघाली. १९४६ साली पुण्यास तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना आणि बंगळूरास विजेच्या यंत्रांचा कारखाना, असे दोन्ही एकाच वर्षी निघाले.

ह्या सगळ्या हकिकतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पहिल्या चार दशकांत किर्लोस्करांची ख्याती वाढली ती नवे उभारण्याच्या बळावर. माळ घ्यावा, भिंती बांधाव्या, ओतशाळा पेटवावी, खेड्यातील पोरे हाताशी धरून त्यांचे कारागीर करावे, माल तयार करावा, तो घेऊन गिऱ्हाइकाच्या दारी जावे, त्याची तक्रार ऐकावी आणि पुढचा नग सुधारावा, अशी ती रीत होती. ह्या रीतीतून जे शिक्षण मिळाले ते अत्यंत सकस होते. नांगराच्या फाळाने जी चिकाटी शिकवली तीच पुढे पंपाला, इंजिनाला आणि मोटारीला उपयोगी पडली. कारण प्रत्येक वेळी वस्तू नवी असली तरी कृती तीच होती, आणि माणसेही बहुतांशी तीच होती. पुढच्याची ठेच मागच्याला दिसत होती, कारण दोघे एकाच ओतशाळेत उभे होते.

कारखाना उभारणे आणि कारखाना विकत घेणे ह्या मात्र दोन वेगळ्या विद्या आहेत. उभारणारा आपली माणसे निवडतो; घेणाऱ्याला दुसऱ्याने निवडलेली माणसे स्वीकारावी लागतात. उभारणाऱ्याच्या चुका त्याच्या स्वतःच्या असतात आणि त्या कोठे पुरल्या आहेत हे त्याला ठाऊक असते. घेणाऱ्याला त्या हळूहळू सापडतात. यंत्रे मोजता येतात, इमारतीचे मूल्य ठरवता येते, येणी-देणी ताळेबंदात वाचता येतात. पण एखाद्या फोरमनच्या शब्दाखातर चाळीस माणसे जादा पाळी करतात, किंवा एखादा जुना गिऱ्हाईक केवळ एका विक्रेत्याच्या भरवशावर माल घेतो, ही मालमत्ता कोणत्याच ताळेबंदात लिहिलेली नसते. मालक बदलला की ती पहिल्या सहा महिन्यांत निघून जाऊ शकते, आणि ती गेली हे कळावयास दोन वर्षे लागतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर, पडीक जमीन वहितीस आणणे निराळे आणि दुसऱ्याची वहिवाटीची जमीन खरेदीखताने घेणे निराळे. पहिल्यास मेहनत लागते. दुसऱ्यास मेहनत लागतेच, शिवाय शेजाऱ्यांचे, पाटाचे आणि बांधाचे जुने संबंध समजून घेण्याची दृष्टी लागते.

पुण्याच्या किर्लोस्करांनी ह्या दुसऱ्या विद्येत पुष्कळ लवकर हात घातला होता. शंतनुराव किर्लोस्करांच्या कारकिर्दीत, १९६० च्या दशकाच्या मध्यास, त्यांनी जर्मनीतील हॅम्बर्ग येथील एफ. एच. शूले ही कंपनी घेतली. भाताच्या गिरण्यांची यंत्रे बनवणारी ती जुनी नामांकित कंपनी होती. भारतास स्वातंत्र्य मिळून वीस वर्षेही झाली नव्हती. परकीय चलनाच्या एकेका पौंडासाठी आणि मार्कासाठी दिल्लीस अर्ज करावे लागत. अशा काळात एका मराठी उद्योगाने जर्मन कंपनीचे मालक व्हावे, ही घटना सामान्य नव्हती. परदेशी कंपनीने भारतीय कंपनीस यंत्रविद्या शिकवावी ही तोवरची रूढ वाट होती. येथे प्रवाह उलटा वाहू लागला होता. पुढे शूले ही कंपनी किर्लोस्करांकडे राहिली नाही. आज ते नाव जर्मनीतील आमांडुस काल ह्या उद्योगसमूहात आहे. परंतु त्या खरेदीत जर्मन कामगार, जर्मन कायदा आणि जर्मन बाजार ह्यांचा जो प्रत्यक्ष परिचय घडला असेल, तो त्या काळच्या भारतीय उद्योगात दुर्मीळच म्हटला पाहिजे.

आता राजाजीनगराकडे वळू. बंगळूरच्या कंपनीने साठ वर्षांत मोठा विस्तार केला. हुबळी, म्हैसूर, तुमकूर अशा ठिकाणी तिचे कारखाने निघाले. शहर वाढत गेले तसा राजाजीनगरातील कारखान्याच्या जमिनीचा भाव मोटारींच्या भावापेक्षा वेगाने वाढू लागला. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील सुमारे चाळीस एकर जमिनीवर ब्रिगेड गेटवे हे मोठे संकुल उभे राहिले. डॉ. राजकुमार रस्त्यावरील त्या जागी आता उंच कचेऱ्या, घरे, रुग्णालय आणि विस्तीर्ण बाजारपेठ आहे. कंपनीचे मुख्य ठाणे पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेले. १९४१ साली निघालेला हरिहरचा कारखाना तर नव्या शतकाच्या आरंभीच बंद पडला होता. जुन्या पिढीने जे उभारले होते त्याचे रूप असे पालटत असताना, नव्या पिढीने विस्ताराची दुसरी वाट धरली.

२००८ साली किर्लोस्कर इलेक्ट्रिकने जर्मनीतील ब्रेमेन येथील लॉईड डायनामोवेर्के ह्या कंपनीचा बहुतांश हिस्सा विकत घेतला. वेसर नदीवरच्या ह्या बंदराच्या शहरात ती कंपनी मोठ्या आकाराची विद्युत्‌यंत्रे बनवीत असे. बंगळूरच्या कंपनीस मोठ्या यंत्रांची विद्या आणि युरोपातील बाजारपेठ ह्या दोन्ही गोष्टी एकदम मिळतील, हा हिशेब कागदावर चुकीचा नव्हता. तो काळही अशा खरेद्यांचा होता. टाटांनी २००० साली इंग्लंडमधील टेटले हा चहाचा धंदा घेतला होता, २००७ साली कोरस ही पोलाद कंपनी आणि २००८ साली जग्वार व लँड रोव्हर ह्या मोटारींचे कारखाने घेतले. भारतीय उद्योग परदेशी कंपन्या घेत आहेत ह्याचे सगळीकडे कौतुक चालले होते. त्याच वर्षीच्या १५ सप्टेंबरला अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी कोसळली. पाठोपाठ युरोपातील कारखानदारांनी नव्या यंत्रसामग्रीच्या मागण्या आखडत्या घेतल्या. मोठी यंत्रे मागणीप्रमाणे बनवणाऱ्या धंद्यास ह्याची झळ सर्वांत जास्त बसते. पुढील दशकाच्या मध्यास ब्रेमेनच्या कंपनीला नादारीचा अर्ज करावा लागला, आणि त्याचा भार बंगळूरच्या कंपनीच्या ताळेबंदावर पडला.

ह्या घटनेचे खापर मंदीवर फोडणे सोपे आहे, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यापलीकडचा एक प्रश्न पडतो. हॅम्बर्ग आणि ब्रेमेन ह्या दोन शहरांत सव्वाशे किलोमीटरांहूनही कमी अंतर आहे. एकाच आडनावाच्या उद्योगांनी त्या दोन्ही ठिकाणी खरेदी केली. मात्र पहिल्या आणि दुसऱ्या खरेदीमध्ये चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला होता; कंपन्या वेगळ्या होत्या, संचालक वेगळे होते, यंत्रे वेगळी होती. जर्मनीत कारखान्याच्या कारभारात कामगारांच्या प्रतिनिधी-मंडळास कायद्याने स्थान आहे. कामगार कमी करावयाचे झाले तर त्याची ठरलेली रीत आणि ठरलेला खर्च आहे. मागणी मंदावली की हा खर्च कसा अंगावर येतो, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा अनुभवी माणूस अधिक चांगले सांगू शकतो. पण असा माणूस चाळीस वर्षांनंतर कोठे सापडावयाचा? आडनाव वारशाने मिळते, अनुभव वारशाने मिळत नाही. म्हणीतील पहिली अट येथे पुरी होत नव्हती. मागचा पुढच्याच्या फार मागे होता.

कंपन्यांच्या खरेदीचा हा प्रश्न गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकेतील विद्वानांनी मोठ्या चिकाटीने तपासला आहे, आणि त्यांचे निष्कर्ष आपल्या म्हणीशी विलक्षण जुळतात. हॅलेब्लियन आणि फिंकेलस्टीन ह्या दोघांनी १९९९ साली ४४९ खरेद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जितका अनुभव जास्त तितके यश जास्त, अशी सरळ चढती रेषा मिळेल अशी सामान्य माणसाची अपेक्षा असते. तसे दिसले नाही. मिळालेली रेषा आधी खाली उतरणारी आणि मग वर चढणारी होती. अगदी नवखा खरीददार जपून वागतो. एक-दोन खरेद्या केलेल्याला वाटते की आपल्याला सारे उमगले, आणि तो पहिल्या कंपनीचा धडा दुसऱ्या, निराळ्या जातीच्या कंपनीला जसाच्या तसा लावतो. बऱ्याच खरेद्या पचवल्यानंतरच कोठे त्याला साम्य कोणते आणि नुसता भास कोणता हे ओळखता येऊ लागते. अर्धवट अनुभव हा अननुभवापेक्षा धोक्याचा ठरू शकतो. 'दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात' ह्या म्हणीत हेच सांगितले आहे. ताक फुंकून पिण्याने अपाय होत नाही एवढेच. परंतु ताक प्यावयाची सवय झालेल्याने कढत दूध घटाघटा प्यावे, हा त्याहून वाईट प्रकार धंद्यात अधिक वेळा घडतो.

हेवर्ड ह्या संशोधकाने २००२ साली आणखी खोलात जाऊन विचारले की, अनुभव उपयोगी पडतो तरी केव्हा? त्याला तीन गोष्टी आढळल्या. मागील खरेद्या आताच्या खरेदीशी अगदी तंतोतंत सारख्या नसाव्या आणि अगदी विजोडही नसाव्या. दोन खरेद्यांमधील काळ फार थोडा नसावा आणि फार मोठाही नसावा. थोडा असला तर धडा पचत नाही, मोठा असला तर विसरला जातो. आणि मागील खरेदीत लहानसे नुकसान झालेले असावे. मोठे यश आले की माणूस कारणे शोधत नाही. मोठे अपयश आले की तो दोष देण्यासाठी माणसे शोधतो. लहान नुकसान मात्र त्याला जागे करते, आणि लाजेने तोंड लपवण्याइतके ते मोठेही नसते.

ह्या कसोट्या लावून पाहण्याजोगे उदाहरण त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेत मिळते. किर्लोस्करवाडीची मूळ कंपनी किर्लोस्कर ब्रदर्स ही पंपांसाठी प्रसिद्ध आहे. शेतातल्या विहिरीवरील लहान पंपापासून नर्मदेच्या सरदार सरोवराचे पाणी सौराष्ट्राकडे उचलून देणाऱ्या प्रचंड पंपांपर्यंत तिचा माल आहे. ह्या कंपनीने २००३ साली इंग्लंडमधील एस. पी. पी. पंप्स ही कंपनी घेतली. २००७ साली कोल्हापूर स्टील, २०१० साली दक्षिण आफ्रिकेतील ब्रेबार पंप्स, २०१४ साली अमेरिकेतील सिंक्रोफ्लो आणि २०१५ साली नेदरलंड्समधील रोडेल्टा अशी ही मालिका पुढे चालली.

ह्या यादीकडे नीट पाहिले असता काही गोष्टी दिसून येतात. बहुतेक सर्व खरेद्या पंपाच्याच धंद्यातल्या आहेत. कोल्हापूरची कंपनी पोलादी ओतकामाची आहे, पण पंपाला ओतकाम लागतेच. असे असूनही त्या एकमेकींच्या नकला नाहीत. इंग्लंडमधील कंपनीचा हातखंडा आग विझवण्याच्या पंपांत आहे, आणि तो किर्लोस्करवाडीच्या शेतीपंपापेक्षा वेगळा आहे. दोन खरेद्यांमध्ये कोठे तीन-चार वर्षांचे, कोठे एका वर्षाचे अंतर आहे; म्हणजे पहिली खरेदी हाताळणारी माणसे पुढच्या खरेदीच्या वेळी कामावर असण्याइतके ते थोडे आहे. अमेरिकेतील खरेदी तर इंग्लंडच्या कंपनीमार्फत झाली. पूर्वी घेतलेल्या कंपनीलाच पुढच्या खरेदीत हाताशी धरणे ही एक शहाणपणाची रीत आहे, कारण विकले जाणे म्हणजे काय हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ह्या सर्व खरेद्या सारख्याच फळल्या असे म्हणण्याचा हेतू नाही. धंद्याला चढउतार असतातच. परंतु १९२० च्या दशकापासून पंप करणाऱ्या कंपनीने पंपाच्याच वाटेने, पायरीपायरीने जाणे, आणि मोटारी करणाऱ्या कंपनीने जागतिक मंदीच्या तोंडावर एकाच उडीत युरोपात उतरणे, ह्या दोन रीतींतला फरक उघड आहे.

कंपन्यांच्या ह्या हकिकती दूरच्या वाटत असतील, तर आपल्या नित्याच्या जवळच्या संस्थेकडे, म्हणजे नागरी सहकारी बँकेकडे पाहावे. मुंबईत १४ सप्टेंबर १९१८ रोजी स्थापन झालेल्या सारस्वत बँकेने २००६ पासून पुढच्या काही वर्षांत अडचणीत आलेल्या सात सहकारी बँका आपल्यात सामावून घेतल्या. मराठा मंदिर, मांडवी, आण्णासाहेब कराळे जनता, इचलकरंजीची मुरघा राजेंद्र, नाशिक पीपल्स, साउथ इंडियन आणि कोल्हापूर मराठा अशी त्यांची नावे. त्याआधी, २००५ साली, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांच्या विलीनीकरणासाठी मार्गदर्शक नियम घालून दिले होते. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत सुमारे १२२ कोटी रुपयांच्या अपहाराचा आरोप पुढे आला, व्यवहारांवर निर्बंध आले, आणि ठेवीदारांच्या रांगा लागल्या. काही दिवस एक रुपयाही काढता येईना. मग पंचवीस हजारांपर्यंतची मुभा मिळाली. मुलीच्या लग्नासाठी, आजाऱ्याच्या औषधासाठी ठेवलेले पैसे डोळ्यांसमोर अडकलेले पाहणे काय असते, हे त्या रांगेतील माणसांनाच ठाऊक. त्याच वर्षी ४ ऑगस्टला ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. पुण्याची १९०६ साली निघालेली कॉसमॉस बँकही अशाच कार्यात अनुभवी आहे. २०२३ साली मुंबईच्या मराठा सहकारी आणि साहेबराव देशमुख ह्या बँका तिने सामावून घेतल्या, आणि ६ जानेवारी २०२५ पासून बंगळूरची नॅशनल को-ऑपरेटिव्ह बँक तिच्यात आली. एके काळी मराठी उद्योजक बंगळूरास कारखाना काढावयास गेले. आता पुण्याची सहकारी बँक तेथील ठेवीदारांच्या पाठीशी उभी राहिली आहे.

बँकांच्या बाबतीत अनुभव कसा कामास येतो ह्याचेही संशोधन झाले आहे. झोलो आणि सिंग ह्यांनी २००४ साली अमेरिकेतील बँकांच्या २२८ खरेद्यांचा अभ्यास मांडला. त्यांचा निष्कर्ष प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. किती बँका घेतल्या ह्या नुसत्या संख्येचा यशाशी संबंध दिसत नाही. त्या अनुभवातून जे कळले ते लिहून काढले की नाही, त्याच्या टिपा, तक्ते, कार्यपद्धतीच्या पुस्तिका तयार केल्या की नाही, ह्याचा संबंध मात्र स्पष्ट दिसतो. लिहून काढलेल्या पुस्तिकेचा उपयोग होतोच, पण त्याहून मोठा उपयोग लिहिण्याच्या क्रियेचा होतो. लिहावयास बसले की, अमुक गोष्ट का घडली हे चारचौघांना एकत्र बसून ठरवावे लागते. ज्याला वाटत होते की आपले यश आपल्या हुशारीमुळे आले, त्याला दुसरा सांगतो की त्या वर्षी व्याजाचे दर उतरले होते. अशा वादातूनच धडा निपजतो. ह्याच अभ्यासात आणखी असे दिसले की, दोन बँकांचा कारभार मनापासून एकजीव केला तर लाभ होतो, परंतु घेतलेल्या बँकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना घाईने काढून टाकले तर तोटा होतो. जुना शाखाधिकारी गेला की कर्जदाराची खरी पत त्याच्याबरोबर जाते. 'उंटावरून शेळ्या हाकणे' हा प्रकार बँकेतही चालत नाही आणि कारखान्यातही चालत नाही.

ह्या सगळ्या विवेचनाचा मथितार्थ काय? पहिली गोष्ट ही की, अनुभव आपोआप शिकवीत नाही. बारा वर्षे कारकुनी केलेल्यास कित्येकदा बारा वर्षांचा अनुभव नसतो. एका वर्षाचा अनुभव बारा वेळा आलेला असतो. संस्थांचेही तसेच असते. दुसरी गोष्ट ही की, उभारणीचा अनुभव खरेदीच्या वेळी हाताशी येईल असे गृहीत धरू नये. ज्या हाताने माळावर कारखाना उभा केला तो हात कितीही कसबी असला, तरी दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना त्याला नव्याने शिकावे लागते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. ठेच लागली असेल तर ती लिहून ठेवण्याचे धैर्य पाहिजे. आपल्याकडे संस्थांचे सुवर्णमहोत्सवी ग्रंथ निघतात. त्यांत संस्थापकांची छायाचित्रे असतात, कोनशिला असतात, मान्यवरांचे संदेश असतात. बंद पडलेल्या कारखान्यावर एखादे प्रकरण, फसलेल्या खरेदीवर एखादे परिशिष्ट त्यांत क्वचितच सापडते. पुढच्या संचालकाला खरी गरज असते ती नेमकी त्या पानांची.

सरकारी कचेरीत एका अधिकाऱ्याने दुसऱ्याकडे कार्यभार सोपवताना टिपण लिहावे असा जुना दंडक आहे. हे टिपण पुष्कळदा किल्ल्यांच्या आणि कपाटांच्या यादीपुरते उरते. परंतु ज्या थोड्या अधिकाऱ्यांनी त्यात 'हे काम असे केले, ते ह्या कारणाने बिघडले, पुढे असे करू नये' अशा चार ओळी मोकळेपणाने लिहिल्या, त्यांनी मागून येणाऱ्याची कित्येक वर्षे वाचवली. कंपनी घेणाऱ्या कंपनीसही असेच टिपण पाहिजे: काय किंमत दिली व का दिली, घेण्यापूर्वी काय दिसले आणि घेतल्यावर काय सापडले, कोण राहिले, कोण गेले आणि त्यांच्याबरोबर काय गेले. ते खरेदीनंतर वर्षभरात लिहिले पाहिजे, माणसे कामावर असताना आणि आठवणी ताज्या असताना लिहिले पाहिजे; आणि यश आले तरीही लिहिले पाहिजे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले नांगर खपेनात, तेव्हा त्यांनी शेतकऱ्यास अडाणी म्हणून हिणवले नाही. फाळ कोठे कमी पडतो हे त्याच्याकडूनच समजून घेतले. चाळीस नांगरांचे ते नुकसान लहान होते, डोळ्यांसमोर होते, आणि ते कोणापासूनही लपवलेले नव्हते. म्हणून ते शिकवून गेले. मोठ्या भांडवलाच्या आणि दूरदेशीच्या व्यवहारांत नुकसान दिसेनासे होते. ते आकड्यांच्या पोटात जाऊन बसते, आणि ज्याच्या चुलीवर त्याची झळ पोचते तो कामगार किंवा ठेवीदार त्या बैठकीत कधीच नसतो. उद्योगांनी आपली स्मरणशक्ती शाबूत ठेवावी असे म्हणावयाचे ते ह्याचसाठी. मालकाच्या विसराळूपणाची किंमत बहुधा दुसरेच कोणी तरी भरत असते.